धडाचं मॉडेल आणि फुफ्फुसांची बरणी: बरेच महिने वर्गात वापरल्यावर

पचन आणि श्वसन शिकवायला म्हणून एक किट घेतलं होतं. त्यात अवयव काढता-घालता येतील असं माणसाचं धड, फुगे लावलेली फुफ्फुसांची बरणी, थोड्या टेस्टट्यूब, आयोडीन, चुन्याची निवळी आणि प्राण्यांचा एक तक्ता असं सगळं आलं. आता सातवी ते दहावीच्या मुलांच्या हातात ते बरेच महिने फिरलंय, त्यामुळे काय टिकलं, काय कामाला आलं आणि काय नाही ते नीट सांगू शकते. घ्या, नक्की घ्या, पण त्यात एक मोठी गोष्ट नाहीये आणि ती तुम्हाला स्वतः भरून काढावी लागेल.

आधी धड. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे अवयवांच्या जागा. बहुतेक मुलं जठर कुठंय विचारलं की बेंबीवर हात ठेवतात, मॉडेलमध्ये ते वर डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला दिसतं तेव्हा खरंच चकित होतात. यकृत उचललं की त्याखाली पित्ताशय, जठर बाजूला केलं की मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड. डावं फुफ्फुस उजवीकडे बसवायला गेलं तर बसतच नाही, मग मुलं ते हातात फिरवून बघतात आणि हृदयासाठीचा खोलगट भाग त्यांचा त्यांनाच सापडतो. उजव्याचे ३ भाग, डाव्याचे २, हे पाठ करून घ्यावंच लागत नाही.

आतडी मात्र निराशा करतात. लहान आतडं म्हणजे एकसंध ओतलेला गोळा आहे, तो उलगडत नाही, त्यामुळे ते ६ मीटरच्या आसपास लांब असतं हे कुणालाही पटत नाही. मी ६ मीटर दोरी घेतली, पुढे मोठ्या आतड्यासाठी दीड मीटर जाड दोर बांधला, एका मुलाने एक टोक धरलं आणि एक मुलगी दुसरं टोक घेऊन चालत चालत वर्गाच्या पार त्या भिंतीपर्यंत गेली, तेव्हा कुठे गप्प झाले सगळे. आतले रसांकुर तर मॉडेलवर दाखवलेच नाहीयेत, एका कोपऱ्यात मोठं करून दाखवायला हवे होते, कारण अन्न शोषलं जातं ते तिथे, जेमतेम मिलिमीटरभर उंचीच्या त्या उंचवट्यांमधून. बाकी टिकाऊपणा ठीक, यकृताची एक खुंटी तुटली आणि अन्ननलिकेचा रंग उडाला, एवढंच.

फुफ्फुसांची बरणी हा या किटचा जीव आहे. खालचं रबर ओढलं की बरणीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो, बाहेरची हवा आत घुसते आणि फुगे फुगतात. दिसायला साधं आहे पण मुलांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं की हवा आत गेली म्हणून छाती फुगते, आणि ते इथे एका झटक्यात सुटतं, आधी छाती मोठी होते, मग हवा येते. फक्त बरणी काय खोटं दाखवते तेही त्याच तासाला सांगून टाका. बरणीची भिंत हलत नाही, आपल्या बरगड्या वर आणि बाहेर जातात. रबर ज्याच्या जागी आहे ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, आराम करताना सपाट नसतं, घुमटासारखं वर आलेलं असतं आणि आकुंचन पावलं की खाली येऊन सपाट होतं. आणि फुफ्फुसं पोकळ फुगे नसतात, स्पंजसारखी असतात, आत हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या म्हणजे वायुकोश, छातीची पोकळी भरून टाकणारी. रबर काही महिन्यांत सैल पडतं, फुगे चिकट होतात, दोन्ही बदलता येतात पण बदली माल सोबत दिलेला नाही, हे बरोबर नाही.

लाळेचा प्रयोगही छान होतो. स्टार्चच्या पातळ द्रावणात लाळ घालून ट्यूब कोमट पाण्यात ठेवायची, थोड्या वेळाने आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतच नाही, शेजारच्या नुसत्या स्टार्चच्या ट्यूबमध्ये लगेच येतो. सूचनापत्रात तिसरी ट्यूब नाहीये, ती तुम्ही करा. लाळ उकळून, थंड करून घाला, रंग पुन्हा येतो, आणि लाळेतलं विकर, म्हणजे स्टार्च फोडणारा पदार्थ, उष्णतेने निकामी होतं हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

आता ती उणीव. या किटमध्ये रक्त नाही. हृदय आहे, छान उघडतंसुद्धा, पण आतड्यापासून यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी नाही आणि फुफ्फुसाकडून हृदयाकडे येणारीही नाही. म्हणजे अन्न खाली जाऊन संपतं, हवा आत येऊन बाहेर जाते, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध काय ते कळतच नाही. एका मुलीने विचारलं, मग आतड्यातलं ग्लुकोज गेलं कुठे? तिचा प्रश्न एकदम बरोबर होता! १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गिनीपिगला बर्फाच्या वेढ्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं, श्वासातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा ताळा लावला आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ जळणं आहे असं सांगितलं, पण ते जळणं फुफ्फुसात होतं असं त्यांना वाटलं होतं. हे किट मुलांना नेमकं तिथेच सोडून देतं.

मी मॉडेलवर लोकरीचे धागे चिकटवले. एक आतड्यातून यकृतात आणि तिथून हृदयात, दुसरा फुफ्फुसातून हृदयात, आणि मग दोन्ही एकत्र करून एक धागा दंडाच्या स्नायूपर्यंत. तिथे पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भागांत, ग्लुकोज आणि ऑक्सिजन भेटतात, ऊर्जा मिळते, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो उलट वाटेने फुफ्फुसात. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे १६, हे आकडे धागे लावल्यावरच अर्थपूर्ण वाटायला लागले. स्निग्ध पदार्थांची वाट वेगळी आहे, ते बहुतांशी आधी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नळ्यांतून, जातात, पण हे दहावीलाच सांगा.

प्राण्यांचा तक्ता अर्धा चांगला. गाईच्या जठराचे ४ कप्पे नीट काढलेत, रवंथ कुठून वर येतो ते बाणाने दाखवलंय, पण सेल्युलोज पचवायचं काम पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात याचा उल्लेख नाही. पक्ष्याची फुफ्फुसं तर माणसासारख्या दोन पिशव्या काढून टाकल्यात, जे चूक आहे. पक्ष्यांची फुफ्फुसं फारशी फुगत नाहीत, हवा खेळवायचं काम हवेच्या पिशव्या करतात आणि फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांतून हवा एकाच दिशेने वाहते. झुरळाचं चित्र मात्र उत्तम, अंगाच्या बाजूची श्वासरंध्रं आणि आतल्या नळ्या स्पष्ट दिसतात. हे चित्र धाग्यांच्या तासानंतर दाखवा, कारण झुरळाचं रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही, नळ्याच तो पेशींपर्यंत पोचवतात, म्हणजे आपला दुसरा धागा तिथे लागतच नाही. मुलं यावर खूप वेळ बोलत राहिली.

चुन्याच्या निवळीबद्दल एक. तिच्यात नळीने फुंकलं की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. बाटली उघडी राहिली की हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडने वर पांढरा पापुद्रा येतो, तो दिसला तर गाळून घ्या किंवा नवी निवळी करा, नाहीतर फुंकण्याआधीच ती गढूळ दिसते. फुंकून दुधाळ झाल्यावर बराच वेळ फुंकत राहिलं तर ती परत स्वच्छ होते, त्यामुळे उशिरा बघणाऱ्या मुलांना काहीच झालं नाही असं वाटतं, दुधाळ दिसली की तिथेच थांबवा. प्रत्येकाला वेगळी नळी, डोळ्यांना चष्मा, आणि फक्त फुंकायचं, ओढायचं नाही.