छावणीच्या दिवसाची पेटी : पंखा झकास, हिशेब लंगडा

नागपूरच्या सदर भागातल्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानात वस्तू, चित्रं आणि पात्रांची कार्डं भरलेली ही इतिहासाची पेटी शाळांना दोन दिवसांच्या भाड्याने मिळते. विषय कामठीच्या छावणीचा. इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हानच्या काठी वसवलेल्या या छावणीतल्या एका बंगल्याचा दिवस, साल १८४०. पेटीवर ‘पाचवी ते आठवी’ असं छापलंय, पण पाचवीला आणे-पै झेपत नाहीत, सातवी-आठवीलाच घ्या. आणि चाळीस पोरांच्या वर्गाला दोन नाही, तीन तासिका धरा.

पेटीतली खरी मोलाची वस्तू म्हणजे ओढायचा पंखा. चार फुटी बांबू, त्याला झालरीचं जाड कापड, एक कप्पी आणि पंधरा फूट दोरी. बांबू टांगायला भिंतीत दोन पक्के हुक लागतात. छताच्या पंख्याच्या नळीला तो बांधू नका, ओढीने नळी हलते. दोरी खिडकीतून व्हरांड्यात काढायची आणि ओढणाऱ्या पोराला भिंतीकडे पाठ करून बसवायचं, म्हणजे आतलं काही दिसत नाही. मिनिटाला वीस ओढी. चौथ्या मिनिटाला झालर मंदावते आणि आतून ‘ओढ ना रे!’ अशी ओरड सुरू होते. गडी बदलायची हीच वेळ. पेटीतलं कार्ड आतल्या मुलांना ‘वारा कसा वाटला?’ एवढंच विचारून थांबतं. प्रश्न व्हरांड्यातल्याला विचारा : आठ तासांची रात्र काढायला अशा पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या किती? उत्तर ९६. फळ्यावर हा आकडा पडला की वर्ग गप्प होतो. एक खोट आहे : दोरी नायलॉनची दिलीय, तिने तळहात सोलतात. जाड सुती दोर स्वतः आणून ठेवा.

दुसरी वस्तू वाळ्याची टट्टी, म्हणजे भिजवून खिडकीत लावायचा वाळ्याचा पडदा, दोन फूट बाय तीन फूट, सोबत दोन थर्मामीटर. टट्टी आधी तासभर भिजत घाला. पहिलं पाणी तांबूस निघतं, ते फेकून द्या. मग खिडकीत बसवून बाहेरून टेबलफॅन लावा, एक थर्मामीटर टट्टीच्या आतल्या बाजूला, दुसरा व्हरांड्यात सावलीत, आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. समोरची खिडकी उघडी हवी. हे नागपूरच्या पोरांना सांगावं लागत नाही, घरोघरी कुलर असतो. फसगत होते ती महिन्याची. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या शेवटी, उत्साही शिक्षक जुलैत पेटी आणतात आणि दोन्ही पारे जवळपास सारखेच राहतात. हवेत आधीच ओल असेल तर टट्टीतलं पाणी उडत नाही आणि उडालं नाही तर थंडावा येणार कुठून? हा प्रयोग मार्चचा, परीक्षेआधीचा. कार्डावर याबद्दल अक्षर नाही.

हिशेबाचा भाग अर्धवट आहे. एक रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पेटीत रुपये, आणे आणि पैसे आहेत, पै मात्र एकही नाही. आणि बाजाराच्या यादीत पहिलंच बिल २ आणे ७ पैंचं! पैशात तीन पै, म्हणजे २ आणे २ पैसे दिल्यावरही एक पै उरतेच. पोरं अडतात आणि शिक्षकही. पुठ्ठ्याच्या २४ चकत्या कापून पेटीत टाका, काम भागतं. वजनांतही घोळ आहे. शेराचं वजन सरळ एक किलोचं दिलंय. शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ८० रुपये तागडीत टाकले की शेर झाला. एवढी सोपी गंमत बनवणाऱ्यांनी हातची घालवली.

चित्रांत साल घसरलंय. १८४० च्या बंगल्यात रॉकेलचा कंदील टांगलाय आणि स्वयंपाकघरात रेल्वेने आलेलं खोकं. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, रॉकेलचे दिवेही नंतरचे. ती दोन चित्रं बाजूला ठेवा, किंवा ‘चूक शोधा’ म्हणून वापरा, आठवीला आवडतं. भिस्त्याच्या, म्हणजे पाणक्याच्या, रेक्झिनच्या पिशवीवर ‘पखाल’ लिहिलंय. भिस्ती पाठीवर न्यायचा ती बकऱ्याच्या कातड्याची मशक. पखाल मोठी, जनावराच्या पाठीवरची. ‘दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला’ म्हणणाऱ्या मुलखात ही चूक व्हायला नको होती.

पात्रांची कार्डं आठ : साहेब, मेमसाहेब, बावर्ची, भिस्ती, पंखेवाला, धोबी, आया, मुन्शी. मेहतर नाही. बंगल्यात गटार नव्हतं, कमोडचं भांडं रोज कुणीतरी हाताने उचलून न्यायचं, आणि ते कुणी करायचं हे जातीने ठरलेलं असायचं. सभ्यपणाच्या नावाखाली हे गाळलं की बंगला फारच स्वच्छ दिसतो. शिक्षकाने ते सांगावं, पण त्याचं सोंग कुणा पोराला देऊ नये. बाकीची पात्रंही चिठ्ठ्या टाकूनच वाटावीत. नाहीतर साहेब कोण होणार आणि धोबी कोण, हे वर्गाला आधीच ठाऊक असतं.

पोशाखांचं गाठोडं न घेतलं तरी चालतं. टोप्या एकाच मापाच्या आहेत आणि कपडे बदलण्यातच अर्धी तासिका जाते. गाठोडं वगळलं तर भाडं कमी करतात, मात्र आधी विचारावं लागतं. पेटी परत करताना टट्टी पूर्ण वाळलेली हवी. ओली टट्टी बंद पेटीत राहिली तर तिला बुरशी धरते आणि दुकानदार अनामतीतून पैसे कापतो.