ग्लासगो स्केल की फोर स्कोर?

आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या एका सिस्टरचा प्रश्न: रुग्णाची शुद्ध मोजायला यातलं कोणतं वापरू?

मोजायला लागणाऱ्या वेळेत फारसा फरक नाही. ग्लासगो १९७४ चं: डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, म्हणजे ३ ते १५; गुण जितके कमी, तितकी शुद्ध कमी. ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे फोनवर ‘आठ’ म्हटलं की डॉक्टरांना गांभीर्य कळतं. (तरी नुसती बेरीज सांगू नका, तिन्ही आकडे वेगवेगळे सांगा.) घोडं अडतं ते घशात नळी असली की. बोलण्याचे गुण देताच येत नाहीत, तिथे ‘टी’ (ट्यूब, म्हणजे नळी) लिहावं लागतं.

फोर २००५ चा. डोळे, हालचाल, ब्रेनस्टेमचे (मेंदूच्या देठाचे) रिफ्लेक्स आणि श्वास, प्रत्येकी ० ते ४. बोलणं मुळातच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा), खोकला, श्वासाची लय, सगळं पाहावं लागतं. म्हणून ग्लासगो ३ असलेल्या दोन रुग्णांतला फरकही दिसतो. शुद्धीत असूनही शरीर हलवू न शकणारा, फक्त डोळे हलवून सूचना पाळणारा ‘लॉक्ड-इन’ रुग्णही नजरेतून निसटत नाही. शिकायला मात्र जड.

वॉर्ड, अपघात विभाग, रुग्ण दुसरीकडे हलवताना: ग्लासगो. व्हेंटिलेटरवरच्या न्यूरो (मेंदूच्या आजाराच्या) रुग्णाला, स्टाफ शिकलेला असेल तर: फोर. आणि शुद्ध अचानक हरपली असेल तर दोन्हींच्या बरोबरीने रक्तातली साखर पाहायला ग्लुकोमीटर.