नॅनोसेकंद मोजायचा कोणत्या घड्याळानं?

मे महिन्यात आमच्या नागपूरच्या परसोडीतल्या ऑफिसात एका लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामनं आपल्या कामाच्या लिहिलेल्या नोंदींत, ‘कालावधी: उणे 140 मिलिसेकंद’ अशी नोंद सापडली. म्हणजे काम सुरू होण्याआधीच संपलेलं. हिशेब बरोबर होता, पण मी घड्याळ चुकीचं निवडलं होतं. तुम्ही निवडायला बसला असाल, तर आधी ठरवा: तुम्हाला ‘किती वाजले’ हवंय की ‘किती वेळ लागला’?

‘किती वाजले’साठी सिस्टिमचं रिअलटाइम घड्याळ. झिरो माइलच्या खांबापासून अंतरं मोजावीत, तसं ते 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतं. सगळ्यांचा आरंभबिंदू एकच, म्हणून दोन सर्व्हरच्या नोंदी जुळवायच्या तर हेच लागतं. पण मशीनमधलं घड्याळ ज्यावर चालतं, त्या क्वार्ट्झ स्फटिकाची गती तापमानानुसार बदलते. नागपूरच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की ते ठळकपणे कळतं. दहा लाखांत फक्त 10 भागांची चूक असली, तरी दिवसाला 0.86 सेकंद फरक पडतो. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल, तो दुरुस्त करतो. लहान फरक हळूहळू भरून काढतो, पण एनटीपीडी या त्याच्या प्रोग्रामच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये 128 मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक दिसत राहिला, की घड्याळ एकदम सरकवलं जातं, मागेसुद्धा. आमचं उणे तिथूनच आलं.

‘किती वेळ लागला’साठी मोनोटॉनिक घड्याळ. ते कधीच मागे जात नाही. त्याचा सुटा आकडा मात्र निरर्थक असतो, दुसऱ्या मशीनशी ताडून पाहता येत नाही. लिनक्सवर लॅपटॉप झोपला की तेही थांबतं. तो वेळ धरायचा असेल तर बूटटाइम हे घड्याळ घ्या. एनटीपी मोनोटॉनिकचीही गती किंचित बदलतो. ते नको असेल तर मोनोटॉनिक रॉ आहे, पण त्याची गरज क्वचितच पडते.

काही जण थेट प्रोसेसरचा टीएससी, म्हणजे त्याच्या आतला ठोके मोजणारा काउंटर, वाचायला धावतात. मोजकं काही डझन सूचनांचं कोड मोजायचं नसेल, तर तिकडे जाऊ नका असंच मी सांगेन. प्रोसेसर सूचनांचा क्रम बदलतो, जुन्या चिपवर टीएससीची गतीही बदलत असे. शिवाय आजच्या बहुतेक लिनक्स मशीनवर मोनोटॉनिक आतून टीएससीच वाचतं, तेही कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) न शिरता, काही दहा नॅनोसेकंदांत. व्हर्च्युअल मशीनवर मात्र क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कुठून घेतो तो स्रोत, कोणता आहे ते आधी बघा. टीएससी नसेल तर प्रत्येक वाचन बरंच महाग पडू शकतं.

दशांशांनी भुलू नका. पायथनचं टाइम डॉट टाइम फ्लोट, म्हणजे मर्यादित अचूकतेचा दशांश आकडा, देतं. सेकंदांचा आकडा आता पावणेदोन अब्जांच्या आसपास असल्यामुळे त्या फ्लोटमध्ये सलग दोन किमतींत सुमारे 238 नॅनोसेकंदांचं अंतर राहतं. म्हणून पायथन 3.7 पासून आलेली, पूर्णांकात नॅनोसेकंद देणारी ‘एनएस’वाली फंक्शनं वापरा, कालावधीसाठी त्यांतलं परफ काउंटर. विंडोजची जुनी फाइलटाइम वेळ 100 नॅनोसेकंदांच्या एककात मिळते, पण पुढे सरकते साधारण 15.6 मिलिसेकंदांनी. विंडोज 8 पासूनचा ‘प्रिसाइज’ कॉल त्यावर उपाय आहे.

आम्ही आता प्रत्येक नोंदीत दोन्ही आकडे ठेवतो. क्रम लावायला रिअलटाइम, वजाबाकीला मोनोटॉनिक.