स्क्रोल सॉ घेताना: आधी ब्लेडची पकड बघा, मग इंच आणि वॉट

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लाकडावर नक्षीकाम करणाऱ्याला स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली चालवून नक्षी कापणारं करवत मशीन, घ्यायचा म्हटलं की समोर साधारण चार वाटा दिसतात. हातातल्या फ्रेट सॉवरच, म्हणजे बारीक ब्लेडच्या हातकरवतीवरच, काम चालवायचं, पिनवाल्या ब्लेडचं लहान मशीन घ्यायचं, दोन्ही प्रकारचं ब्लेड बसणारं १६ इंची मशीन घ्यायचं, किंवा एकदाच जास्त पैसे घालून २०-२१ इंची जड मशीन आणायचं. दुकानदार आणि जाहिराती इंच (ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतची जागा) आणि वॉट सांगतात. मी निवड करायला सांगेन ती ब्लेड कसं धरलं जातं त्यावरून. ब्लेडची दोन टोकं जिथं आवळली जातात त्या दोन चापांवर तुमचा रोजचा वेळही ठरतो आणि कामाची सफाईही.

याचं कारण आपल्याकडच्या कामात आहे. इथल्या मेस्त्रींकडे मखराची नक्षी, देव्हाऱ्याची जाळी आणि नावाच्या पाट्या ही कामं येतात. त्यातही पाट्या जास्त. "मेस्त्री, वर कन्नड, खाली मराठी, अक्षरं सुटी कापून चिकटवा," असं गिऱ्हाईक सांगतं. दुकानाची पाटी असेल तर कर्नाटकातल्या २०२४ पासूनच्या कायद्याप्रमाणे ६० टक्के कन्नड लागतं, म्हणजे दोन्ही लिप्या हातात बसायलाच हव्यात. आता 'बेळगाव' एवढा एकच शब्द कापायला घ्या. ब च्या पोटातून तिरकी रेघ जाते, तिथं दोन बारीक पोकळ्या. ळ ची दोन वेटोळी. व चं एक पोट. एका शब्दात पाच बंद पोकळ्या झाल्या. प्रत्येक पोकळीसाठी ड्रिलनं भोक पाडायचं, ब्लेडचं वरचं टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताण द्यायचा, पोट कापून काढायचं आणि परत सगळं उलट. कन्नड अक्षरं गोलाईची, डोक्यावर तलकट्टूचा छोटा कोन, आणि कन्नड ठ म्हणजे तर गोलात ठिपका. तो ठिपका आणि मराठीतला अनुस्वार कापल्यावर सुटून हातात येतात. त्यासाठी मागे फळी ठेवावी लागतेच, पण त्यांचे काठही स्वच्छ हवेत.

पिनवालं आणि साधं ब्लेड यांतला फरक इथंच कळतो. पिनवाल्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते. ती खाचेत अडकवली की झालं, त्यामुळे नवख्याला सोपं वाटतं. पण ब्लेड ओवायचं तर भोक पिन जाण्याएवढं लागतं, म्हणजे चार-पाच मिलिमीटर. दोन इंची अक्षरातल्या ब च्या अर्ध्या पोटात एवढं भोक पाडलं की कापायला उरतं काय? साधं ब्लेड, म्हणजे बिनपिनीचं, ३ नंबरचं घेतलं तर जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतं. दीड मिलिमीटरच्या भोकातून आरामात जातं. शिवाय पिनवाली ब्लेडं जाड आणि मोजक्या प्रकारांतच मिळतात. साध्या ब्लेडांत २/० पासून १२ नंबरपर्यंत माप आहे, मधले दात वगळलेली (स्किप-टूथ) आहेत, उलट्या दातांची आहेत, पीळदार आहेत. फक्त पिनवालं ब्लेड घेणारं मशीन स्वस्त असलं तरी पाट्या आणि जाळीकाम करणाऱ्यानं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मुलांची खेळणी, किचेन, प्राण्यांचे आकार एवढंच करायचं असेल, आतली कापणी नसेल, तर ते पुरतं.

हातातली फ्रेट सॉ मात्र मी सहज मोडीत काढणार नाही. तिला वीज लागत नाही, आवाज नाही, आणि ब्लेड तेच साधं, साधारण पाच इंची. टेबलाच्या कडेला इंग्रजी व्ही च्या खाचेची फळी आवळायची आणि दात खाली करून ओढायचं. तीन ते सहा मिलिमीटरच्या प्लायवर हात बसला की काम सुंदर होतं. वर्षातून एखादं मखर आणि भाच्याच्या वास्तूला एखादी पाटी एवढंच करणाऱ्यानं मशीनच्या फंदात पडू नये. पण १८ मिलिमीटरचं सागवान हातानं कापत बसलात तर काठ काटकोनात राहणं पूर्णपणे मनगटावर येतं, आणि अक्षर वरून एक, खालून दुसरं दिसतं.

आता ज्यांत खरी निवड करायची ती दोन मशीनं.

१६ इंची वर्गात एकसारखी दिसणारी बरीच मशीनं आहेत. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत ४०६ मिलिमीटर जागा, वेग मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्या, मोटर १२० वॉटच्या आसपास, कापण्याची जाडी ५० मिलिमीटर किंवा थोडी वर. आइनहेलचं टीसी-एसएस ४०५ ई याच जातीचं. प्रॉक्सॉनचं डीएस ४६० थोडं वेगळं आहे: ४६० मिलिमीटर जागा, ६० मिलिमीटरपर्यंत लाकूड, पण वेग दोनच, ९०० आणि १४००. वेग सलग कमीजास्त होत नाही हे काहींना खटकतं. मला तेवढं खटकत नाही, कारण लाकडात काम बहुतेक या दोन वेगांतच होतं. पातळ विनियर किंवा ॲक्रिलिक कापणाऱ्याला मात्र ४००-५०० चा सावकाश वेग हवाच, नाहीतर ॲक्रिलिक वितळून मागे पुन्हा चिकटतं.

या वर्गाची कमजोरी चापांत असते. बऱ्याच मशीनांत साधं ब्लेड बसवायला वेगळा छोटा अडॅप्टर देतात आणि तो ॲलन कीनं आवळावा लागतो. एका पाटीत वीस-पंचवीस भोकं असतील तर तेवढ्या वेळा की शोधायची. घेण्याआधी दुकानात स्वतः ब्लेड बसवून बघा. वरचा चाप हातानं, किल्लीशिवाय सुटतो का? ब्लेड सोडल्यावर वरची भुजा उचलून धरता येते का, की फळी सांभाळत तिसरा हात लागतो? ताणाचा दांडा पुढे हाताशी आहे का मागे खांबाजवळ? एवढ्या तीन गोष्टी पटल्या तर १६ इंची मशीन पाट्यांच्या धंद्याला पुष्कळ वर्षं पुरेल. चापाचे स्क्रू झिजतात, ते झिजणारच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाले इतके आहेत की नमुना दिला तर तसा स्क्रू करून मिळतो. बेळगावात राहण्याचा हा मोठा फायदा आहे आणि तो हिशोबात धरायला हवा.

जड वर्गात डीवॉल्टचं डीडब्ल्यू ७८८, एक्सकॅलिबर, पेगास, जर्मन हेगनर ही नावं येतात. डीवॉल्ट २० इंची आहे, वजन २५ किलोच्या वर. त्याच्या भुजा छोट्या आणि जोडदांड्यांच्या असल्यामुळे हलणारं वजन कमी आणि थरथर खूपच कमी. चालू-बंद, वेग आणि ताण हे तिन्ही वरच्या भुजेवर पुढेच. चाप हातानं फिरवून सुटतो, भुजा वर उचलून राहते. आतली कापणी करणाऱ्याला हे सुख काय असतं ते वापरल्यावरच कळतं. एक्सकॅलिबर आणि पेगासमध्ये तिरकी कापणी करताना टेबल सपाट राहतं आणि डोकं कलतं. टोपलीसारखी कललेली कडी कापणाऱ्याला याचा उपयोग आहे. पाटीवाल्याला त्यासाठी जादा पैसे देण्याची गरज नाही.

नातेवाइकानं अमेरिकेतून मशीन आणून देतो म्हटलं तर मोटरवरच्या व्होल्ट-हर्ट्झच्या पट्टीचा फोटो आधी मागवा. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० आणि ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. इंडक्शन मोटर असेल तर ती सहाव्या हिश्शानं सावकाश फिरते. शिवाय सुटे भाग आणि वॉरंटी इथं लागू होत नाही. २३० व्होल्टचंच मशीन मिळत असेल तर तेच घ्या.

विजेबद्दल आणखी एक. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांत पावसाळ्यात लाइट जाणं नित्याचं. स्क्रोल सॉचं खाणं एवढं कमी आहे की घरचा इन्व्हर्टर तो सहज ओढतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा. साध्या स्क्वेअर वेव्हवर मोटर घुमते, तापते, आणि इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण असेल तर तेही कुरकुरतं. गोल करवत किंवा रंधा मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही, हे चालतं. रात्रीच्या कामाला आणि गणपतीच्या आधीच्या घाईला याचा मोठा आधार होतो.

जिगसॉ या तुलनेत येत नाही, तरी लोक विचारतात म्हणून. त्याचं ब्लेड रुंद असतं, एका टोकालाच धरलेलं असतं, बारीक वळणात ते वाकतं आणि काठ तिरका होतो. फळीचे मोठे आकार काढायला उत्तम, अक्षराच्या पोटाला नाही.

सीएनसी (संगणकावर चालणारं राउटर) आणि लेझरचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण शहरात आता दोन्हीची जॉबवर्क मिळतात. एकाच नक्षीचे शंभर तुकडे हवे असतील तर त्यांच्याकडे द्या, हातानं परवडणार नाही. पण राउटरचं बिट, म्हणजे फिरणारं पातं, गोल असतं. तीन मिलिमीटरचं बिट आतल्या प्रत्येक कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई ठेवतं, त्यामुळे शिरोरेघेला काना जिथं मिळतो तिथला आतला कोपरा बोथट दिसतो. लेझर कोपरा धारदार ठेवतो पण काठ जळून काळा पडतो, आणि जाड सागवानात त्याचा जोर संपतो. स्क्रोल सॉवर कोपऱ्यात फळी पुढे ढकलणं थांबवून ती चालत्या ब्लेडभोवती जागेवर वळवता येते. जाड सागवानात, एकेका नावाची, धारदार कोपऱ्यांची पाटी ही त्याचीच जागा.

लाकूडही निवडीत धरा. सागवानात सिलिका असते, ती ब्लेडची धार पटकन खाते. ५ किंवा ७ नंबरचं, वगळलेल्या दातांचं ब्लेड घ्या आणि धार गेली की मोह न धरता बदला. बोथट ब्लेडवर दाब दिला की ते पाठीकडे फुगतं आणि कापणी तिरकी जाते. शिसव घट्ट, लगेच जळतं; वरून पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवली तर जळणं बरंच कमी होतं. गोकाकच्या खेळण्यांना वापरतात तसलं हलकं लाकूड कोणतंही मशीन कापेल. प्लायमध्ये खालच्या बाजूला कुसळं उठतात, तिथं खालचे काही दात उलटे असलेलं ब्लेड वापरा, पॉलिशपेपरचं अर्धं काम वाचतं.

कुठलंही मशीन घेतलं तरी ते हलक्या घडीच्या टेबलावर ठेवू नका. थरथरीची निम्मी तक्रार टेबलाची असते. जड सागवानी टेबलाला किंवा लोखंडी स्टँडला बोल्टानं आवळा, खाली रबराचा तुकडा घाला. जून ते सप्टेंबर ओतीव लोखंडाच्या टेबलावर गंज चढतो. मेण घासून ठेवा, आणि ब्लेडं झाकणाच्या डब्यात, तेलाचं बोट लावून.

जुनं मशीन मिळत असेल तर दोन परीक्षा करा. मशीन बंद ठेवून वरची भुजा चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड लागली तर बुश (भुजेच्या सांध्यातली कडी) गेलेले आहेत. मग दीड इंच जाडीचा ठोकळा घ्या, समोरून त्यात थोडीशी चीर पाडा, मशीन थांबवा, ठोकळा फिरवून तीच चीर ब्लेडच्या पाठीमागून ब्लेडवर सरकवा. चीर अलगद बसली तर टेबल ब्लेडशी काटकोनात आहे. वर बसली पण खाली अडकली तर टेबलाचा कल बिघडलेला आहे. टेबल सरळ करता येत असेल तर काळजी नाही, पण स्क्रू आवळूनही ते जागेवर राहत नसेल तर सौदा सोडून द्या.

ब्लेडं मशीनबरोबरच मागवा, डझनाच्या पुडीत, ३, ५ आणि ७ नंबर. ही ब्लेडं हार्डवेअरच्या सगळ्याच दुकानांत मिळत नाहीत, आणि ऐन चतुर्थीच्या आठवड्यात शेवटचं ब्लेड तुटलं तर मशीन कितीही चांगलं असो, मखर अडतं.