लीक डिटेक्टरचं इरिडियम फिलामेंट: महाग हाय पण घ्या

आमच्याकडं वाळूजला गाड्यांच्या पार्टचं हीलियम लीक टेस्टिंग चालतं, म्हणजे पार्टमधनं हीलियम गळतो का ते लीक डिटेक्टरवर बघतात. डिटेक्टरमधी आधी साधं टंगस्टनचं फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडून गॅसचे आयन, म्हणजे भार आलेले अणू, बनवणारी तापलेली तार) होतं, आता यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) कोटेड इरिडियमचं टाकलंय, आणि ज्यांच्याकडं लाईटीचा भरवसा नाही त्यांनी डोळे झाकून हेच घ्यावं.

फिलामेंट उडालं की शॉपमधी सगळे एकच म्हणतात, हीलियमनं खाल्लं. अहो हीलियम निष्क्रिय वायू, तापलेल्या टंगस्टनसंगं त्याची रिॲक्शनच होत नाही. हीलियमचे आयन निगेटिव्ह फिलामेंटवर येऊन आदळतात हे खरंय, पण लीक डिटेक्टरमधी प्रेशर एकदम कमी, व्होल्टेज शंभराच्या आसपास, आणि 4 वजनाचा आयन 184 वजनाच्या टंगस्टनच्या अणूला काय हलवणार.

आपल्याकडं मारते ती हवा आणि पाण्याची वाफ. लाईट गेली, पंप थांबला, हवा आत शिरली आणि तार अजून लाल असली की संपलं. जुनं काढून बघा, सिरॅमिकवर पिवळट निळसर पावडर बसलेली दिसंल, ते टंगस्टनचं ऑक्साइड, आणि तार मधी बारीक होऊन तुटलेली. वाफ तर लैच वाईट, तिच्यातला ऑक्सिजन टंगस्टन उचलून भिंतीवर नेऊन बसवतो, सुटलेला हायड्रोजन तिथल्या ऑक्साइडमधून परत पाणी बनवतो आणि तेच पाणी पुन्हा तारेवर येतं. म्हणून पावसाळ्यात ओले जॉब लावू नका, आधी नीट वाळवा.

इरिडियम 2446 अंशाला वितळतं आणि टंगस्टन 3422 ला, तरी हवेचा झटका इरिडियमच सोसतं, कारण ते तसं जळत नाही आणि यिट्रियामुळं कमी तापमानातच एमिशन, म्हणजे पुरेसे इलेक्ट्रॉन, मिळतं.

कोटिंग मात्र फार नाजूक, चिमटा लागला की टवका उडतो, बसवताना दोन्ही बाजूच्या पिनांनाच धरा. आणि तुमच्या सिस्टीममधी हॅलोजनवाले गॅस किंवा तेलाची वाफ येत असंल तर टंगस्टनच ठेवा, तिथं कोटिंग लवकर खराब होतं. त्या कोटिंगपायी एक स्टार कापला, बाकी चार.