असिस्टेड लिव्हिंगमधले काही महिने: लिफ्ट सुरू झाली, जेवणाचा हॉल बंदच राहिला

लिफ्ट दुरुस्त झाली, तिची पूजाही झाली, तरी आमचं जेवण खोलीतच डब्यातून येत राहिलं. म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या रस्त्यावर एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये मी दिवाळीनंतर राहायला आले. नाव लिहीत नाही, कारण मला इथेच राहायचंय आणि इथल्या मावश्यांवर, सिस्टरांवर माझा काडीचाही राग नाही. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे राहायला स्वतःची खोली आणि आंघोळ, औषधं अशा रोजच्या कामांना हाताशी मदतनीस. आता थेट मुद्द्यावर येते.

मी ७६ वर्षांची, बँकेतून निवृत्त. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर आहे. आंघोळीला आणि रात्री बाथरूमला जाताना हाताशी कोणीतरी लागतं. मुलगी नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहते, तिथे लिफ्ट नाही. इथे यायचा निर्णय माझा.

आधी पैशांचं. खोली, दोन्ही वेळचं जेवण, चहा-नाश्ता, मदतनीस, रोजचं बीपी, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, असं धरून महिना ४२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७,५६०. औषधं आणि फिजिओ वेगळं. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेचा वृद्धाश्रम असेल, तर ६० वर्षांवरच्या माणसाला महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. खाजगी कंपनीकडे ही सवलत नाही. माहितीपत्रकावरचा आकडा करासकट आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या. माझं पेन्शन आणि ठेवींच्या व्याजात कसंबसं भागतं, म्हणून घेतलेल्या प्रत्येक रुपयाचं काय मिळतं ते मी बघते.

खोली चांगली. उजेड भरपूर, बाथरूमची फरशी घसरत नाही, धरायला दोन्ही बाजूंना दांडे. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, कठडे, रुंद दरवाजे, तातडीची घंटा असे किमान निकष घालून दिले, त्यातलं बहुतेक सगळं इथे आहे. घंटा दाबली की दिवसा लगेच कोणीतरी येतं, रात्री थोडा वेळ लागतो. कपडे वेळेवर धुऊन येतात. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

लिहायचंय ते जेवणाच्या हॉलबद्दल.

हॉल तळमजल्यावर, आम्ही वरच्या तीन मजल्यांवर. मी आले तेव्हा साडेबारा वाजले की लिफ्टपाशी वॉकर आणि व्हीलचेअरची रांग लागायची. चार-चार जणांची टेबलं. माझ्या टेबलावर समोर एक निवृत्त तहसीलदार, शेजारी कोल्हापूरकडच्या एक काकू, आणि एक नाना, ज्यांचा हात थरथरतो. नानांची वाटी कलंडू नये म्हणून काकू तिच्याखाली ओला रुमाल घडी करून ठेवायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. तहसीलदारसाहेब पोळी मोडून द्यायचे आणि नाना आमटी चमच्याने घ्यायचे. पोळ्या तव्यावरून येत. कोणाला तूप नको, कोणाला मीठ कमी, हे वाढणाऱ्या मावशींना पाठ. जेवण अर्ध्या तासात आटोपायचं, पण उठायला दीड वाजायचा. कोणाच्या नातीचा निकाल, कोणाचं पेन्शन अडकलं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर कसा काढायचा, सगळं तिथेच निघायचं. मला इथे माणसं मिळाली ती त्या टेबलावर. भजनाचा वार, वाढदिवसाचा केक, योगाचा वर्ग हेही आहे, पण तिथे तोंडं एका दिशेला असतात.

त्याच हॉलमधली एक गोष्ट सांगते. पलीकडच्या टेबलावरच्या आजी एका दुपारी ताक मागताना अडखळल्या. तोंड एका बाजूला किंचित ओढल्यासारखं झालं आणि ताक ओठांच्या कडेने ओघळलं. शेजारच्या बाईंनी लगेच सिस्टरना हाक मारली. पक्षाघाताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आजी वेळेत हॉस्पिटलात पोहोचल्या आणि आज स्वतःच्या हाताने जेवतात. त्या खोलीत एकट्या जेवत असत्या तर ताटं उचलायला मावशी येईपर्यंत कोणाला कळलं असतं?

पावसाळ्यात मोठी लिफ्ट बंद पडली. सुटा भाग बाहेरून यायचा होता. छोट्या लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावत नाही. तेव्हा डबे खोलीत देणं योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्टीलचा तीन खणी डबा, वर फॉइलमध्ये पोळ्या. वर येईपर्यंत पोळ्यांना घाम सुटून त्या चिवट व्हायच्या. पण चवीपेक्षा मला दुसरंच काही जाणवायला लागलं. टीव्ही लावून, पलंगाच्या कडेला बसून जेवताना दोन घास कमी जात. नानांची खोली माझ्या शेजारी. त्यांचा डबा दाराबाहेर परत ठेवलेला दिसे आणि त्यात अर्धी पोळी, सगळी आमटी तशीच. कलंडायची भीती, मग नकोच ती आमटी. काकू तिसऱ्या मजल्यावर. त्यांची माझी गाठ आठवड्यातून एकदा भजनाला पडायची, ती पण लांबून.

दर महिन्याला आमचं वजन होतं. मी सिस्टरना रजिस्टर दाखवायला सांगितलं आणि माझ्या नावापुढची ओळ बघितली. लिफ्ट बंद पडण्याआधी ५४ किलो, आता ५१. पथ्य नाही, आजारपण नाही, औषधात बदल नाही. या वयात उतरलेल्या वजनात स्नायूही जातो, आणि माझ्यासारख्या खुबा मोडलेल्या बाईला तोच लागतो.

लिफ्ट सुरू झाल्यावर मी ऑफिसात गेले. मॅनेजर साहेब म्हणाले, "आजी, डब्याची सवय झालीय ना सगळ्यांना? बरेच जण खूश आहेत. खाली-वर करायचा त्रास नाही." हॉलमध्ये जाऊन बघितलं तर खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि टेबलांवर डायपरचे खोके. खरं कारण मावशींकडून कळलं. सगळ्यांना खाली आणायला, वाढायला, परत न्यायला पाच जणी लागतात. डबे पोहोचवायला दोघी पुरतात. तीन माणसांचा पगार वाचतो, हे मला पटकन कळतं, आयुष्य हिशेबात गेलंय. पण मग आमच्या ४२,००० मधून हॉलचे पैसे वजा झाले का? नाही. बिलाचा एक रुपयाही कमी झाला नाही.

इथे येणाऱ्या फिजिओ मुलीपाशी मी हे बोलले. मुलगी गुणी आहे. गुडघा वाकवायला लावते तशीच खुर्चीतून हात न टेकता उठायलाही लावते. तिने मला एका अभ्यासाची छापील प्रत आणून दिली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००६ साली छापून आलेला, नेदरलँड्समधल्या पाच नर्सिंग होम्समधला. १७८ रहिवासी. काही विभागांत नेहमीप्रमाणे आधीच वाढलेली ट्रे दिली. बाकीच्यांत टेबलावर कापड अंथरलं, भांडी मधे ठेवली, ज्याने त्याने हवं ते घेतलं, कर्मचारी टेबलाशी बसले आणि जेवताना औषधं वाटणं बंद केलं. सहा महिन्यांनी टेबलावर जेवणाऱ्यांची तब्येत, वजन आणि जगण्यातलं समाधान ट्रेवाल्यांपेक्षा चांगलं राहिलं. डॉक्टर तेच, औषधं तीच, फक्त जेवायची पद्धत बदलली होती.

मग मी अर्ज लिहिला. तहसीलदारसाहेबांनी मसुदा तपासला, काकूंनी मजल्यावर फिरून सह्या घेतल्या. नानांची सही थरथरती, पण मोठी आहे. अर्जाला तो अभ्यास जोडला आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या वजनाचे आकडे जोडले. प्रत मुख्य कार्यालयालाही पाठवली.

इथपर्यंत लिहून हा मजकूर बाजूला ठेवला होता, तेवढ्यात हॉल उघडला. फक्त दुपारी. खोके उचलले, टेबलं पुसली, आणि तव्यावरची पोळी पुन्हा ताटात पडली. मी त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या. नानांच्या वाटीखाली काकूंचा रुमाल आला आणि आमटी संपली. म्हणून वर लिहिलेल्यात एक भर घालते. मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला, रहिवाशांना बोलावून ऐकून घेतलं आणि मुख्य कार्यालयाकडून दोन जास्तीच्या मावश्या मिळवल्या. मला ते अपेक्षित नव्हतं. या जागेला पाचपैकी आधी दोन तारे देणार होते, आता साडेतीन देते.

अर्धा तारा रात्रीच्या जेवणासाठी राखलाय आणि एक साडेसहाच्या वेळेसाठी. रात्री अजून डबाच येतो, तोही साडेसहाला, कारण सातला कर्मचाऱ्यांची पाळी बदलते. मग सकाळच्या चहापर्यंत बारा तासांची उपाशी पोकळी. साखरेच्या औषधावर असलेल्यांना ते झेपत नाही, इथल्या सिस्टरच मला सांगतात. वेळ साडेसातची करा आणि निदान ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी दोन टेबलं खाली लावा, एवढीच मागणी आहे.

आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी अशी जागा बघायला जाणार असाल तर दुपारी साडेबाराला जा, न सांगता. नमुना खोली, बाग, लायब्ररी नंतर बघा. आधी हॉलमध्ये जाऊन किती खुर्च्यांवर माणसं बसलीत ते मोजा, कोण कोणाशी बोलतंय ते बघा, आणि जेवण खोलीत किती जणांना जातं, का जातं, ते वाढणाऱ्या मावशींना विचारा. ऑफिसात विचारू नका. करारात 'सामुदायिक भोजन' असं लिहून घ्या, आणि ते बंद केलं तर शुल्क किती कमी होईल हेही लिहून घ्या. माझ्या करारात फक्त 'भोजन' असं होतं, त्यामुळे कागदावर माझा मुद्दा लंगडा पडला.

रहिवाशांची बैठक पुढच्या शनिवारी चार वाजता हॉलमध्ये आहे. रात्रीच्या जेवणाचा विषय पहिला घेतलाय, आणि या वेळी सह्या आधीच गोळा झाल्या आहेत.