टॅपेट कव्हरचं ऑइल गळतंय: नवीन पॅकिंग की नुसतं सिलिकॉन?

जुन्या मारुती ८०० ला (ते ७९६ सीसी, तीन सिलिंडरवालं इंजिन) टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या भागावर, म्हणजे हेडवर, बसणारं झाकण) ऑइल पाझरायला लागलं की मेकॅनिक दोनच गोष्टी सुचवतो, एकतर नवीन रबरी पॅकिंग (झाकणाखालची सील करणारी पट्टी) टाका नाहीतर सिलिकॉनची, म्हणजे फट बुजवणाऱ्या पेस्टची, ट्यूब मारून बसवून देतो, लगेच होईल. रबर वर्षानुवर्षं उष्णता खाऊन पापडासारखं कडक होतं, काढताना तुकडेच पडतात, मग त्या कडक रबरावरच सिलिकॉन थापून काय उपयोग?

सिलिकॉन स्वस्त आहे हे खरं, पण जास्त मारलं की कव्हर दाबल्यावर अर्धं आत पिळून निघतं, त्याचे लोंबते तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात, म्हणजे वाचवले किती आणि घालवले किती. शिवाय नीट सुकायला जवळपास दिवसभर गाडी उभी ठेवावी लागते, तेवढा धीर कोणाला असतो! आणि पुढच्या वेळी ते खरवडताना अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ओरखडे पडले तर गळती कायमची.

पॅकिंगला खर्च थोडा जास्त, पण दोन्ही बाजू पुसून कोरड्या केल्या आणि बोल्ट थोडे थोडे करत आवळले की काम झालं. फार जोर लावू नका, कव्हर वाकतं. सिलिकॉन फार तर कोपऱ्यात, जिथे जोड येतो तिथे टिकलीएवढं. माझं मत सरळ पॅकिंगच. हां, ब्रीदरचा पाइप (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारा) चोंदलेला असेल तर आत प्रेशर साठून नवीन पॅकिंगही गळणार, तो आधी बघा.